टेलला पाणी पोचतंय का? पुण्यातली आरोग्य विषमता, सोप्या भाषेत

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातली माणसं हातापायांतली ताकद गेल्याची तक्रार घेऊन रुग्णालयांत यायला लागली आणि ‘जीबीएस’ हे नाव चार दिवसांत पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचलं. गुइलेन बॅरे सिंड्रोम हा एरवी क्वचित दिसणारा आजार. पोटात गेलेल्या जंतूशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि धडधाकट माणूस काही दिवसांत चालेनासा होतो. श्वासाचे स्नायू दुबळे झाले तर व्हेंटिलेटर लागतो. त्या साथीत दोनशेहून जास्त संशयित रुग्ण निघाले, काही दगावले. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं.

आजाराबद्दल तेव्हा पुष्कळ लिहून आलं. मला जास्त बोलका वाटला तो नकाशा. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी. यांतली धायरी २०१७मध्ये महापालिकेत आली, बाकीची तीन गावं २०२१मध्ये. खडकवासला धरण त्यांच्या उशाशी. धरणाचं पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात शुद्ध होऊन पेठांमधल्या नळांना येतं. धरणालगतच्या गावांना मात्र विहिरीचं पाणी, आणि त्यावर प्रक्रिया म्हणजे फक्त क्लोरीन. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ असं आपण म्हणतो. इथे घशाला कोरड नव्हती, पाणी येत होतं. शुद्धीकरणाची यंत्रणा आली नव्हती.

आणखी एक गोष्ट चर्चेत फारशी आली नाही. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत बरखास्त होते. जिल्हा परिषदेची शाळा, दवाखाना, पाणी योजना यांच्या हस्तांतराची कागदपत्रं सुरू होतात. आणि साथ आली तेव्हा महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२पासून प्रशासक कारभार पाहत होता. म्हणजे पाणी गढूळ आलं तर सरपंचाच्या दारात जाऊन ओरडायची सोय गेली होती आणि नगरसेवकाच्या दारात जायची सोय झालीच नव्हती.

एकाच महापालिकेच्या हद्दीत, एकाच धरणाच्या भरवशावर राहणाऱ्या दोन वस्त्यांच्या तब्येतीत असा फरक पडतो, तेव्हा त्याला आरोग्य विषमता म्हणतात.

प्रत्येक फरक म्हणजे विषमता का?

नाही. सत्तरीतल्या माणसाचे गुडघे विशीतल्यापेक्षा जास्त दुखणार, त्यात अन्याय काही नाही. विषमता म्हणायला दोन अटी लागतात: फरक टाळता येण्यासारखा असला पाहिजे, आणि तो कुणाच्या वाट्याला यावा हे राहण्याच्या जागेवर, पैशांवर, जातीवर, बाई की पुरुष यावर ठरत असलं पाहिजे.

देशाच्या पातळीवर हा फरक किती मोठा आहे याचा एक आकडा पुरेसा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सर्वांत गरीब पंचमांश घरांमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी ५९ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. सर्वांत श्रीमंत पंचमांशात हाच आकडा २०. या ५९ मुलांना काही वेगळे, असाध्य आजार होत नाहीत. न्यूमोनिया, जुलाब, कमी वजनाचं जन्मणं, जंतुसंसर्ग. यांवरचे उपाय आपल्याकडे केव्हापासून आहेत.

सरासरी चांगली असली की झालं ना?

इथेच बहुतेक वेळा गाडं फसतं. एक काल्पनिक हिशोब करू.

समजा एका प्रभागात लसीच्या वयाची १,००० मुलं आहेत. त्यांतली ९०० इमारतींमध्ये राहतात, १०० एका वस्तीत. इमारतींतल्या ९८ टक्के मुलांना गोवराची लस मिळाली, वस्तीतल्या ६० टक्क्यांना. एकूण ९४२ मुलं, म्हणजे ९४.२ टक्के. गोवर रोखायला साधारण ९५ टक्के मुलांचं लसीकरण लागतं, त्यामुळे वरून आदेश येतो की थोडं वाढवा. सर्वांत सोपं काय? इमारतींच्या गेटवर फलक लावणे, सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकणे. उरलेल्यांतली आणखी ९ मुलं येतात. आकडा ९५.१ टक्के होतो. लक्ष्य पूर्ण, अहवाल रवाना.

वस्तीतली ४० मुलं आहेत तिथेच आहेत. आणि ती शहरभर विखुरलेली नाहीत, त्याच चार गल्ल्यांत एकमेकांच्या अंगावर खेळतायत. गोवराला तेवढंच पुरतं.

या गोष्टीत कुणी खोटं लिहिलं नाही, कुणी कामचुकारपणाही केला नाही. लक्ष्यच असं ठरवलं होतं की सोप्या मुलांना गाठून ते पूर्ण व्हावं.

दुसरी अडचण छेदाची. टक्केवारी काढायची तर खाली एकूण लोकसंख्या लागते. २०११नंतरची जनगणना लांबत गेली, आणि मधल्या काळात पुण्याच्या कडेची गावं कुठच्या कुठे वाढली. नवी गावं घेतली तेव्हा पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. बांधकामावरचे लेबर कॅम्प वर्षभरात उभे राहतात आणि उठतात. ही माणसं बऱ्याचदा छेदातच नसतात, मग अंशात कुठून येणार? ज्याची मोजदाद नाही त्याच्या नावाने लसही मागवली जात नाही.

घर आणि आजार यांचा संबंध काय?

या प्रश्नाचं उत्तर पुण्यानेच एकदा आकड्यांत दिलं आहे. २०२०च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहरातल्या पाच प्रभागांत १,६००हून जास्त लोकांचं रक्त तपासलं गेलं. येरवडा, कसबा-सोमवार पेठ, रास्ता पेठ-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी, नवी पेठ-पर्वती. रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का, म्हणजे माणसाला कळत-नकळत संसर्ग होऊन गेलाय का, हे पाहायचं होतं. हे मुळात जास्त रुग्णसंख्येचे भाग होते, त्यामुळे हे आकडे साऱ्या शहराला लावायचे नाहीत. पण आपसात तुलना करायला काहीच हरकत नाही.

एकूण ५१.५ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांत ३३ टक्के. झोपड्या आणि चाळवजा घरांत ५६ ते ६२ टक्के. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आकडा: ज्यांच्या घरात स्वतंत्र संडास होता त्यांच्यात ४५.३ टक्के, ज्यांना सार्वजनिक संडास वापरावा लागत होता त्यांच्यात ६२.३ टक्के.

विषाणू तोच, शहर तेच, लॉकडाउन तोच. टीव्हीवर सगळ्यांना एकच सांगितलं जात होतं: घरात राहा, अंतर ठेवा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असतील तर अंतर कुणापासून ठेवायचं? सकाळी साडेसहाला डबा घेऊन रांगेत उभं राहावंच लागतं, रांगेत पुढचाही खोकतो आणि मागचाही, कडी तीच, नळ तोच. सूचना पाळण्याची इच्छा सगळ्यांनाच होती असं नाही, पण ज्यांना होती त्यांनाही ती पाळायला जागा नव्हती.

आरोग्यशास्त्रात याला ‘सामाजिक निर्धारक’ म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा: दवाखान्याच्या बाहेरच्या ज्या गोष्टी तब्येत ठरवतात त्या सगळ्या. घर, पाणी, संडास, काम, मजुरी, शाळा, जात. संडासाचीच गोष्ट पुढे नेऊ. संडास लांब असला, रात्री दिवा नसला की बायका पाणी कमी पितात आणि लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग. गरोदर बाईला तो झाला आणि अंगावर काढला तर वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो, आणि वेळेआधी आलेलं मूल कमी वजनाचं. सरकारी नोंदीत यातलं शेवटचं वाक्य तेवढं उरतं: ‘कमी वजनाचं बाळ’. संडासाचा दिवा गेला होता हे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

मग योजना कमी आहेत का?

मुळीच नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, महापालिकेची शहरी गरीब योजना आहे, गरोदर बायकांसाठी मातृवंदना आहे, क्षयरुग्णांना पोषणासाठी पैसे मिळतात. तरीही दरी का राहते, हे समजायला पुण्याचाच कालवा घेऊ.

खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून, जनता वसाहतीच्या कडेने, हडपसर, दौंड करत थेट इंदापूरपर्यंत जातो, सुमारे दोनशे किलोमीटर. (२०१८च्या सप्टेंबरात याच कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि खालच्या वस्तीतले संसार वाहून गेले. कालवा शेजारून जातो म्हणजे त्याचा फायदा होतो असं नाही.) कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला ‘हेडचा’ म्हणतात, शेवटच्या टोकाच्याला ‘टेलचा’. आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं की आधी हेडचे भरून घेतात, टेलला पोचेपर्यंत पाटात ओल उरते. धरणातून जास्त पाणी सोडलं तर? हेडचा जास्त भिजवतो, टेलला थोडं जास्त पोचतं इतकंच. म्हणून टेलच्या शेतकऱ्यांची जुनी मागणी असते की पाणी ‘टेल टू हेड’ द्या. आधी शेवटचं टोक भिजवा, मग वर या.

आरोग्य कार्यक्रमांचंही असंच होतं. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात काम करायचे. त्यांनी १९७१मध्ये लिहून ठेवलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथेच ती सर्वांत कमी मिळते. आपल्याकडे याचा ताजा पुरावा २०२१च्या मे महिन्यातला. १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोरोनाची लस खुली झाली, पण ‘कोविन’वर ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय मिळत नव्हती. वेळा काही सेकंदांत संपायच्या. मग पुण्यातली ज्यांची बोटं आणि नेट दोन्ही वेगवान ती मंडळी गाड्या काढून ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर पोचली, आणि ज्या गावात केंद्र तिथलेच लोक दारात उभे राहून बघत राहिले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली तेव्हा ही अट सैल झाली. गर्दी आवरायला ऑनलाइन नोंदणी हवी होती हे खरं. पण तिने लस कुणाकडे आधी जाईल हेही ठरवून टाकलं.

कागदपत्रांचंही तेच. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा. ज्याला योजनेची सर्वांत जास्त गरज तो कालपरवा वाशिमहून येऊन वाघोलीच्या साइटवर राहतोय. त्याच्याकडे यातलं काही नसतं, किंवा असतं ते गावाकडच्या पत्त्याचं.

ससून आहे की! तिथे कुणाला नाही म्हणतात?

ससून या पुण्यातल्या सरकारी रुग्णालयाने गेली दीडशेहून जास्त वर्षं गरिबांना आधार दिला आहे, त्यात वाद नाही. पण मोफत उपचार फुकट पडतात हा समज सोडायला हवा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हिशोब मांडून पाहा. सकाळची ओपीडी म्हणजे तिच्या कामाचीच वेळ. दवाखान्यात जायचं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दोन खाडे झाले की त्या घरचं काम सुटण्याची भीती. केसपेपरची रांग, तपासणीची रांग, रिपोर्टसाठी परत दुसऱ्या दिवशी. एखादं औषध आत नसेल तर बाहेरून. येता-जाता बस, अंगात ताप असेल तर रिक्षा. त्यापेक्षा गल्लीतल्या डॉक्टरकडे संध्याकाळी सातला जाऊन एक इंजेक्शन मारून घेतलं की सकाळी कामावर. ती आपल्या परिस्थितीत अगदी व्यवहारी निर्णय घेत असते. मधुमेह आणि रक्तदाब मात्र अशा इंजेक्शनांनी आटोक्यात राहत नाहीत, आणि पाचसहा वर्षांनी ती ससूनला पोचते ती मूत्रपिंडं निकामी होऊन.

म्हणून ओपीडी संध्याकाळी चालवणं ही क्रांती वगैरे काही नाही, पण टेलला पाणी पोचवायचं म्हणजे नेमकं काय करायचं याचं मला सुचणारं सर्वांत स्वस्त उदाहरण आहे. औषध तेच, डॉक्टर तोच, फक्त घड्याळ तिच्या सोयीचं.

दारापर्यंत गेल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. ना नवं रुग्णालय, ना महागडं यंत्र. पुण्याजवळ शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७७पासून गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या तयार करायला घेतल्या, त्यामागेही हाच विचार होता.

गडचिरोलीची ती पद्धत आज देशभर आशाताईंच्या कामाचा भाग आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी जायचं; घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती जाते म्हणजे करते काय? हात धुते. बाळाला झोळीत घालून काट्याला लावते. काखेत थर्मामीटर. मग बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करून चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचं. पुन्हाही तेच आलं, छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर ताबडतोब दवाखाना. तळपाय गार लागले तर आईच्या उघड्या छातीशी धरून पांघरायचं. एवढ्यात आजी विचारते, घुटी दिली तर चालेल ना? त्यावर आजीला न दुखावता नाही म्हणायचं, हे प्रशिक्षणाच्या पुस्तकात फार थोडक्यात असतं आणि प्रत्यक्षात अर्धा वेळ त्यातच जातो.

या सगळ्या भेटींचे मिळून वर्षानुवर्षं अडीचशे रुपये मिळत आले. आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. शहरात एका आशाताईकडे साधारण दोनशे ते पाचशे घरं असावीत असा नियम आहे. पण पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीतली पाचशे घरं आणि सपाटीवरची पाचशे घरं एकसारखी नाहीत. कागदावर ती सारखीच मोजतात. विषमता कमी करायची सगळी भिस्त जिच्यावर, तिचाच मोबदला सर्वांत कमी, हे मला या क्षेत्रातलं सर्वांत न पटणारं गणित वाटतं.

दुसरं उदाहरण क्षयरोगाचं. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना सहा महिने अन्न देऊन पाहिलं: माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३मध्ये निष्कर्ष आले, आणि घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झालं होतं. डाळ-तांदळाने! क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी मदत २०१८मध्ये महिना ५०० रुपये होती, २०२४च्या नोव्हेंबरपासून १,००० झाली. पण ती रुग्णापुरती. झारखंडचा धडा त्याच ताटाभोवती बसलेल्या बाकीच्यांबद्दल होता.

पण तंबाखू खायला कोण सांगतं यांना?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. मिश्री लावणाऱ्या बाईचं बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, हे तिला सांगायलाच हवं. पण मिश्री लागते कशी तेही पाहावं. बऱ्याच जणी लहानपणी घरातल्या मोठ्या बायकांकडून शिकतात. पुढे पहाटे उठून, काही न खाता कामाला जायचं तर मिश्रीने भूक मरते आणि तरतरी येते, असं त्या स्वतः सांगतात. तिला फक्त ‘सोड’ म्हटलं तर भुकेचं काय करायचं हा प्रश्न तिच्याकडेच राहतो. सकाळच्या नाश्त्याची सोय आणि सोडायला मदत अशी दोन्ही मिळाली तर बोलण्याला काही अर्थ. शिवाय सिगरेट ओढणारे, जेवणात मीठ-साखर बेसुमार खाणारे इमारतींमध्येही आहेतच. त्यांच्या सवयींचे परिणाम विमा आणि वार्षिक तपासणी झेलतात, इतकाच फरक.

कर आम्ही भरायचा आणि खर्च तिकडे?

स्वार्थाचं उत्तर आधी देतो. त्या २०२०च्या तपासणीत फ्लॅटमधल्याही तीनातल्या एकाला संसर्ग होऊन गेला होता. सकाळी दूध टाकणारा, पोळ्या करायला येणारी, वॉचमन, कचरा नेणारी ताई, सगळे त्याच वस्त्यांतून येतात. तुमच्या घरातले वापरलेले सॅनिटरी पॅड हातांनी वेगळे करणाऱ्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक ताईंनी किती वर्षं सांगितलं की कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. किती घरं काढतात?

पण केवळ स्वार्थावर ही बाजू मांडणं मला पुरेसं वाटत नाही. कारण मग जे आजार पसरत नाहीत, पांडुरोग (अॅनिमिया), कुपोषण, वाढलेला रक्तदाब, त्यांच्यासाठी खर्च का करायचा याला उत्तर उरत नाही. शिवाय कर फक्त आपणच भरतो हाही समजच; काडेपेटीपासून मोबाइल रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर तो त्या बाईकडूनही घेतला जातो.

आणि फक्त गरिबांसाठी वेगळी योजना काढा, असंही तज्ज्ञ म्हणत नाहीत. गरिबांसाठी म्हणून बाजूला काढलेली सेवा हळूहळू दर्जानेही गरीब होते, कारण तिच्याबद्दल ओरडणारं कुणी उरत नाही. सेवा सगळ्यांना, पण जिथे गरज जास्त तिथे माणसं, वेळ आणि पैसा जास्त, हा मार्ग ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट यांच्या समितीने २०१०मध्ये मांडला. आपल्याकडेही हा विचार आधीपासून आहे: ग्रामीण भागात सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातल्या पाड्यांसाठी हा निकष लागू होतो. शहरात मात्र साधारण ५० हजारांमागे एक केंद्र, मग ते सुखवस्तू कोथरूडला असो की ताडीवाला रस्त्याच्या वस्तीत.

सक्ती केली तर लवकर होणार नाही का?

पुण्याने तोही प्रयोग पाहिला आहे. १८९७च्या प्लेगमध्ये रँडच्या हाताखालच्या सैनिकांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, माणसं उचलून छावण्यांत नेली. लोक रुग्ण लपवायला लागले. साथीत लपवलेला रुग्ण सर्वांत धोकादायक. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही प्लेगनेच. हडपसरजवळ मुलगा यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. साथ तीच, शहर तेच, पण रुग्णाच्या दारात कोण कशासाठी आलंय यावरून दार उघडायचं की नाही हे ठरत होतं. आशाताई त्याच वस्तीतली असावी हा नियम उगाच नाही.

दरी कमी होतेय हे कळणार कसं?

सरासरी वाढली यावरून नाही, एवढं एव्हाना लक्षात आलं असेल. टोकाची वस्ती आणि शहराची सरासरी यांच्यातलं अंतर दरवर्षी शेजारी-शेजारी ठेवून पाहावं लागतं, आणि ते प्रभागाच्याही खाली, गल्लीपर्यंत उतरून.

त्यातही आपल्याकडे एक खास घोळ आहे, माहेरचा. वाघोलीत राहणाऱ्या गरोदर बाईची नोंद इथे होते. सातव्या महिन्यात ती लातूरला माहेरी जाते. बाळंतपण तिथे, जन्मानंतरच्या लसी तिथे. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते तेव्हा दीड महिन्याचा डोस केव्हाच राहून गेलेला असतो. लातूरच्या नोंदीत ‘गाव सोडून गेली’, पुण्याच्या नोंदीत ‘माहेरी गेली’. दोन्ही ठिकाणचं काम नियमाप्रमाणे पूर्ण आणि मूल दोन्हीकडच्या छेदाबाहेर. ‘यू-विन’ ही लसीकरणाची नवी डिजिटल नोंद हे दुरुस्त करायला आणली आहे: लस कुठेही घ्या, नोंद सगळीकडे दिसेल. पण ती मोबाइल नंबरवर चालते. नंबर नवऱ्याचा असतो, आणि नवी साइट, नवं सिमकार्ड हे नेहमीचंच. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, हे अजूनही प्रत्येक गरोदर बाईला सांगावं लागतं.

तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात किंवा प्रभाग समितीच्या बैठकीत कधी विचारायची वेळ आली तर ‘लसीकरण किती टक्के?’ असं विचारलंत की ‘पंचाण्णव’ हे उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारायचं की एकही लस न मिळालेली मुलं किती, ती कोणत्या वस्तीत आहेत, तिथे शेवटचं लसीकरण सत्र कधी झालं आणि ते किती वाजता होतं. उत्तर ‘सकाळी दहा ते बारा’ असं आलं, तर त्या वेळेला त्या वस्तीत घरी कोण असतं, हा पुढचा प्रश्न.